लोक सर्व्हे भरतच नाहीत! वाचनालयाच्या फॉर्मसाठी मदत हवी आहे

शाईपेन
नमस्कार मंडळी. आमच्या तालुक्याच्या गावात जुनं सार्वजनिक वाचनालय आहे, 'ब' वर्ग. कार्यकारी मंडळात पन्नाशीच्या आतला मी एकटाच, त्यामुळे कॉम्प्युटरचं काहीही निघालं की ते माझ्या गळ्यात. यंदा मंडळाला तीन गोष्टी ठरवायच्यात : संध्याकाळची वेळ वाढवायची का, वर्गणी ५० ची ७० करायची का, आणि पुस्तकखरेदीचे पैसे कादंबऱ्यांवर घालायचे की स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांवर. अध्यक्ष म्हणाले सर्व्हे घ्या. त्यांनी आणि सचिवांनी बसून प्रश्न काढले, मी गुगल फॉर्म करून सभासदांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. सहाशेच्या वर सभासद आहेत, उत्तरं आली चाळीसच्या आत, त्यातली निम्मी मंडळाच्याच नातेवाइकांची असावीत असा मला दाट संशय आहे. फॉर्मचा नमुना खाली देतो. झोडपा, पण मदत करा.

१. संपूर्ण नाव, पत्ता, मोबाईल, ईमेल, आधार क्र. (आवश्यक)
२. वय, शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न (आवश्यक)
३. वाचनालयाची सेवा व कर्मचाऱ्यांची वागणूक समाधानकारक आहे का? हो / नाही
४. वाचनसंस्कृती टिकवण्यासाठी वाचनालयाने विविध उपक्रम राबवावेत असे आपणास वाटते का? हो / नाही
५. आपण दरमहा साधारण किती पुस्तके वाचता?
६. वर्गणीत वाढ केल्यास आपली हरकत आहे का? हो / नाही
... असे एकूण ३४.

पावटा
रक्तगट राहिला. आणि जामीनदाराची सही.

डेटाभट
पावट्याशी सहमत. मी पुण्यात मार्केट रिसर्चमध्ये आहे, रोज हेच करतो, म्हणून जरा लांब लिहितो. पहिला प्रश्नच आधारचा टाकलात तिथे सामना संपला हो. माणूस लिंक उघडतो ती रिक्षाची वाट बघत एका हाताने, त्याला अजून कळलेलं पण नाही की हा फॉर्म कशाचा आहे आणि तुम्ही त्याच्याकडे आधार मागताय, हल्ली लोकांना दिवसाला दोन फसवणुकीचे मेसेज येतात, तो बंद करणार नाही तर काय करणार. वैयक्तिक माहिती लागतच असेल तर ती सगळ्यात शेवटी, आणि वयाचे गट करून. उत्पन्न कशाला हवंय? त्या आकड्यावरून तुम्ही कोणता निर्णय घेणार आहात? ज्या प्रश्नाच्या उत्तराने तुमच्या तीन निर्णयांपैकी एकही हलणार नाही तो प्रश्न काढायचा, इतकी साधी चाळणी लावा, ३४ चे ९ होतात की नाही बघा. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याचा रोख पण तोच आहे, कामापुरतीच माहिती मागा.

आता एकेक. प्रश्न ३ मध्ये दोन प्रश्न आहेत. पुस्तकं छान पण काउंटरवरचा माणूस खेकसतो, असं ज्याला म्हणायचंय त्याने कुठे टिक करायची? प्रश्न ४ ला 'नाही' म्हणणारा माणूस मला दाखवा, वाचनसंस्कृती बुडाली तरी चालेल असं कोण लिहून देईल, तेव्हा तिथे ९५ टक्के हो येणार आणि त्याचा उपयोग शून्य. प्रश्न ५ मध्ये 'साधारण' म्हटलं की लोक स्वतःबद्दलचं स्वप्न लिहितात. त्याऐवजी 'गेल्या चार आठवड्यांत तुम्ही आमच्याकडून पुस्तक किंवा मासिक घरी नेलंत का?' असं विचारा, याला आठवून उत्तर देता येतं. प्रश्न ६ तर उलटाच आहे, हो म्हणजे हरकत आहे. घाईत वाचणारे निम्मे लोक वाढीला हो म्हणून हो दाबतील. ते असं करा :

वर्गणी ५० वरून ७० रुपये झाली तर तुम्ही काय कराल?
सभासद राहीन / राहीन, पण दोनऐवजी एकच पुस्तक घेईन / सभासदत्व सोडेन / आत्ता सांगता येत नाही

शेवटचा पर्याय ठेवाच. तो नसला की लोक एकतर ठोकून देतात नाहीतर फॉर्म सोडून जातात.

शाईपेन
वा, एकदम कामाचं. आधार माझं नव्हतं हो, अध्यक्षांचं म्हणणं एकाने दोनदा भरू नये. त्यासाठीच मी 'एका व्यक्तीचं एकच उत्तर' हे सेटिंग पण चालू ठेवलं होतं.

अभ्यासिका_रात्रपाळी
तेच सेटिंग नडलं. ते चालू असलं की गुगलमध्ये लॉगिन केल्याशिवाय फॉर्म उघडतच नाही. आमच्याकडे अर्ध्या पोरांना पासवर्ड माहीत नसतो, मोबाईल घेताना दुकानदाराने अकाउंट काढून दिलेलं असतं. आमच्या घरी आईच्या फोनमध्ये कुणाचं अकाउंट आहे ते आजपर्यंत कळलेलं नाही. ते बंद करा पहिलं.

आता खरं सांगू का, मी अशाच एका वाचनालयाच्या अभ्यासिकेत बसतो, एमपीएससी. गेल्या वर्षी आमच्याकडे पण असाच फॉर्म फिरवला होता. आम्ही सगळ्यांनी मनापासून भरला, पंखे, बाथरूमचं पाणी, रात्री अकरापर्यंत उघडं ठेवा, सगळं लिहिलं. पुढे काय झालं? काही नाही. म्हणजे नकार आला असता तरी चाललं असतं, की बाबांनो पैसे नाहीत, वॉचमन मिळत नाही. पण एक अक्षर नाही. आता परत फॉर्म आला तर कोण भरेल? तुम्ही लोक लिहिताय प्रश्न असा हवा तसा हवा, ते बरोबरच असेल, पण आम्हाला आधी हे सांगा की विचारून करणार काय.

अनुताई
रात्रपाळी, अगदी मनातलं बोललास बाळा.
मी निवृत्त शिक्षिका. २०११ च्या जनगणनेला घरोघरी फिरले आहे. फेब्रुवारीतल्या त्या फेरीत माणशी २९ प्रश्न होते, त्याआधी घरयादीच्या फेरीत ३५, आणि तरी लोकांनी उत्तरं दिली. कारण काय तर दारात 'अगं बाई, बाई आल्या' म्हणून ओळख निघायची, मुलगा माझ्या वर्गात असायचा. चहा नको म्हटलं तर राग यायचा. ग्रुपवर टाकलेला मेसेज म्हणजे कुणालाच न विचारल्यासारखं आहे. प्रत्येकाला वाटतं बाकीचे भरतील. शाईपेन, तुमच्या ग्रंथपालांना सगळे ओळखत असतील ना? नावानिशी एकेकाला मेसेज करा, 'जोशीकाका, तुम्ही दर शनिवारी येता, तुमचं मत हवंय' असा. बघा फरक.

डेटाभट
अनुताई, नावानिशी मेसेज १०० टक्के बरोबर. फक्त ग्रंथपालांनी समोर बसून प्रश्न विचारायचे नाहीत. त्यांच्या तोंडावर कोण म्हणणार सेवा वाईट आहे म्हणून, आपल्याकडे तर अजिबातच नाही, 'छान आहे हो सगळं' एवढंच मिळेल. निमंत्रण ओळखीच्या माणसाचं, उत्तर मात्र बंद पेटीत किंवा तिऱ्हाइताला.

उंबरठा
धागा वाचून राहवलं नाही. मी बरीच वर्षं राष्ट्रीय नमुना पाहणीत फील्डवर काढली, म्हणजे तेच संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांनी १९५० साली सुरू केलेलं एनएसएस. लोकांना वाटतं सरकारी कागद दाखवला की दार उघडतं. खेड्यात उघडतं, खाट टाकून देतात. शहरात मोठ्या कॉम्प्लेक्सच्या गेटवर सिक्युरिटीच आत सोडत नाही, सेक्रेटरीला विचारा, सेक्रेटरी मीटिंगमध्ये, असं करत तासन् तास जातात. जेवढं घर मोठं तेवढं दार घट्ट, हा माझा अनुभव.

दारातल्या पहिल्या वाक्याबद्दल थोडं सांगतो. नवीन पोरं जायची आणि म्हणायची 'सर, दोन मिनिटं वेळ आहे का?' नाही म्हणायला आयतं कोलीत दिलं. शिवाय दोन मिनिटं खोटं, पाहणी तासाभराची. माणसाला पाचव्या मिनिटाला कळतं आपल्याला बनवलं आणि मग तो भराभर 'नाही, नाही, नाही' करत सुटतो, कारण हो म्हटलं की पुढे चार उपप्रश्न येतात हे त्याला तोवर समजलेलं असतं. मी आधी सांगायचो कोण, कुठून, आणि त्यांचंच घर का. 'या वॉर्डातली एवढीच घरं चिठ्ठीने निघालीत, त्यात तुमचं आहे, तुमच्याऐवजी शेजाऱ्यांना विचारून चालत नाही.' हे ऐकल्यावर माणूस जरा ताठ बसतो. मग वेळ खरी सांगायची. आत्ता नको म्हणाले तर कधी येऊ ते विचारायचं आणि त्या वेळेला हजर राहायचं, उशीर न करता.

आणि लांबीचं म्हणाल तर २०२२-२३ ची कौटुंबिक खर्चाची पाहणी आठवा. वस्तूंची यादी ३४७ वरून ४०५ वर गेली होती. एका बैठकीत एवढं विचारलं की शेवटी शेवटी तेल किती, साबण किती, सगळी उत्तरं अंदाजपंचे. म्हणून त्या वेळी प्रश्नावलीचे तीन भाग केले, खाणंपिणं वेगळं, रोजच्या वापराच्या वस्तू आणि सेवा वेगळ्या, टिकाऊ वस्तू वेगळ्या, आणि एकाच घरी तीन वेगळ्या महिन्यांत तीन फेऱ्या. आमच्या लोकांचे पाय दुखले पण माणूस कंटाळायच्या आत आम्ही उठायचो.

डेटाभट
उंबरठा, ग्रेट. यात एक आकडा टाकतो. अमेरिकेत प्यू ही संस्था फोनवर पाहण्या घ्यायची, १९९७ मध्ये १०० पैकी ३६ जण बोलायचे, २०१८ पर्यंत ते ६ वर आले. आणि आपल्याकडे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जवळपास ६ लाख ३७ हजार घरं झाली, प्रतिसाद ९८ टक्के. फोन आणि दारात उभा माणूस यांची तुलना बरोबरीची नाही हे मान्य, पण आपले लोक उत्तरच देत नाहीत हे रडगाणं खोटं आहे. दारात कुणीतरी नीट येऊन विचारायला लागतं, आणि परत यायला लागतं.

नाशिकची_निशा
मी एक सुचवू का, लकी ड्रॉ ठेवा. आमच्या महिला मंडळात कुकर ठेवला होता, फॉर्मवर फॉर्म आले.

पावटा
कुकर एक, फॉर्म एका घरातून आठ. सासूबाईंच्या नावाने पण.

नाशिकची_निशा
हा हा, ते झालं खरं. सासूबाई तर चार वर्षांपूर्वी वारल्या होत्या एकीच्या.

अटलांटाकर
इथे उलटं करतात. मला टपालाने एक सर्व्हे आला होता, पाकिटात चक्क डॉलरच्या दोन कडक नोटा. भरा मग देऊ असं नाही, आधीच दिलेले. कचऱ्यात टाकायला हात धजेना, बायको म्हणाली पैसे घेतलेत आता भरा. रविवारची सकाळ गेली त्यात.

डेटाभट
हे वर्षानुवर्षं तपासून झालेलं आहे. नंतर देऊ म्हणून कबूल केलेल्या बक्षिसापेक्षा आधी हातात ठेवलेली छोटी वस्तू जास्त उत्तरं आणते. डॉन डिलमन नावाचे समाजशास्त्रज्ञ १९७८ पासून हेच मांडत आलेत की सर्व्हे ही देवाणघेवाण आहे : समोरच्याचा त्रास कमी करा, त्याला काहीतरी मिळू द्या, आणि पुढचं तुम्ही पाळाल असा विश्वास बसू द्या. रात्रपाळीने जे लिहिलंय तो तिसरा मुद्दा. पण इथे एक मेख आहे. आधी दिलेली वस्तू मोबदल्यासारखी वाटता कामा नये, भेट वाटली पाहिजे. वीस रुपये दिलेत तर माणूस हिशोब करेल माझा वेळ वीस रुपयांचा का म्हणून. वाचनालयाने कागदाच्या फॉर्मसोबत एक वाचनखूण द्यावी, मागे नवीन पुस्तकांची यादी छापून. नाहीतर एकदाची दंडमाफी.

शाईपेन
दंडमाफी!! सचिव मला बाहेर काढतील. वाचनखूण जमेल, प्रेसवाला आमचाच सभासद आहे.
बरं मग ठरलं, प्रश्न कमी करतो, लॉगिन काढतो, सगळ्या सहाशे जणांना वाचनखूण आणि फॉर्म. दोनेकशे आले तरी गंगेत घोडं न्हालं.

कट्टेकरी
थांबा थांबा. इतका वेळ फक्त वाचत होतो. दोनशे आले म्हणजे जिंकलं हे कुणी सांगितलं?

१९३६ ची अमेरिकेतली गोष्ट. लिटररी डायजेस्ट नावाचं साप्ताहिक, त्यांनी अध्यक्षीय निवडणुकीआधी सुमारे १ कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या, पत्ते मुख्यतः टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांमधून काढलेले. २३ लाखांच्या आसपास परत आल्या. विचार करा, तेवीस लाख. निष्कर्ष काढला की तेव्हाचा अध्यक्ष रूझवेल्ट हरणार आणि त्याच्याविरुद्ध उभा असलेला लँडन जिंकणार. प्रत्यक्षात रूझवेल्टने ४८ पैकी ४६ राज्यं मारली. मंदीच्या काळात फोन आणि मोटारी असलेल्यांनाच विचारलं हे तर सगळे सांगतात, पण नंतरच्या अभ्यासांत आणखी एक दिसलं की ज्यांनी कार्ड परत पाठवलं त्यांत रूझवेल्टवर नाराज असलेले जास्त होते. खूश माणूस कार्ड कशाला पाठवेल. त्याच वेळी जनमत चाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलपने कितीतरी कमी लोकांना विचारून रूझवेल्ट सांगितला होता.

तुमच्याकडे वर्गणीवाढीचा प्रश्न घ्या. तावातावाने कोण भरणार? ज्यांना वाढ नको ते. किंवा मंडळाचे भक्त. मधले गप्प. आणि ज्यांनी दोन वर्षांपूर्वीच वर्गणी बंद केली, अनामत पण न्यायला आले नाहीत, ते तर तुमच्या ग्रुपवरच नाहीत. माझ्या मते तुम्हाला सगळ्यात जास्त कळायला हवं ते त्यांच्याकडून, की बुवा का सोडलंत.

उंबरठा
कट्टेकरींना साष्टांग. शाईपेन, असं करा. सभासदांचं रजिस्टर काढा, चालू आणि गेल्या तीन वर्षांत बंद झालेले दोन्ही. समजा मिळून हजार झाले. १ ते १२ मधला एक आकडा चिठ्ठीने काढा, समजा ७ आला, मग ७, १९, ३१ असे दर बारावा. ऐंशी-पंच्याऐंशी नावं निघतील. बस, तेवढ्यांनाच विचारायचं पण सोडायचं नाही. आधी फॉर्म आणि वाचनखूण घरी, आठवड्याने ज्यांचा आला नाही त्यांनाच आठवण, मग फोन, मग घरी. एखादा गावाला गेला असेल तर तो परत येईपर्यंत थांबायचं, त्याच्या जागी सोयीचा दुसरा घ्यायचा नाही. आमच्या पोरांना हीच सवय लावायला सगळ्यात जास्त वेळ लागायचा.

शाईपेन
पण ऐंशीच? अध्यक्ष म्हणतील सहाशे सभासदांना डावललं.

डेटाभट
ऐंशीतले पंचाहत्तर आले तर आकडा दहा-अकरा टक्के इकडेतिकडे होईल, आणि हे तुम्हाला आधीच माहीत असेल. समजा साठ टक्के म्हणाले की वर्गणी वाढवली तरी राहू, तर खरं पन्नास ते सत्तरच्या मध्ये कुठेतरी. तुमच्या निर्णयाला पुरतं. आपखुशीने आलेल्या दोनशे फॉर्मांत चूक किती हे सांगायची सोयच नाही.
अध्यक्षांसाठी काउंटरवर सूचनापेटी ठेवा, सगळ्यांना खुली. वाचा सगळ्या, चांगल्या सूचना निघतात. फक्त टक्केवारी पेटीतून काढायची नाही.

अनुताई
नावं निघालेल्यांपैकी वयस्कर असतील त्यांना कागदच द्या, मोठ्या टायपात. आणि भाषा जरा माणसासारखी करा, 'आपणास असे वाटते का' काय, न्यायालयाचं समन्स आहे का ते!

नाशिकची_निशा
अवांतर, पण मासिकांतली पानं फाडतात त्याचं काय? आमच्या वाचनालयात पाककृतींची पानं कधीच सापडत नाहीत. सर्व्हेत विचारलं तर कोण कबूल करेल.

डेटाभट
अवांतर नाही, यावर मस्त युक्ती आहे. मूळ कल्पना १९६५ मध्ये स्टॅन्ली वॉर्नर यांनी मांडली, नाण्याचा प्रकार ही नंतरची सोपी आवृत्ती. उत्तर देणाऱ्याने कुणाला न दाखवता नाणं उडवायचं. छापा आला तर काहीही असो 'हो' लिहायचं. काटा आला तर खरं लिहायचं. आता कागदावर 'हो' दिसलं तरी त्याने पान फाडलं की छापा आला हे कुणालाच कळत नाही, त्यामुळे तो निर्धास्त. पण आपल्याला गणित कळतं. २०० जणांत साधारण १०० छापे, म्हणजे १०० 'हो' फुकटचे. एकूण 'हो' १३० आले तर वरचे ३० हे काटा आलेल्या १०० मधले, म्हणजे अंदाजे तीस टक्के लोक पानं फाडतात.
ऐंशी जणांवर मात्र हे करू नका, नाण्याचीच गडबड इतकी होते की आकड्याला अर्थ राहत नाही.

पावटा
नाणं वाचनालयाने पुरवायचं का? ते परत येईल का याचा वेगळा सर्व्हे घ्या.

शाईपेन
काल बैठक झाली. अडीच तास. आधार गेला, उत्पन्न गेलं, नाव गेलं. कोणाचा फॉर्म आला हे कळायला पाकिटावर फक्त क्रमांक, उत्तराच्या कागदावर काही नाही, पाकीट उघडणार शाळेतल्या एक बाई, ज्या मंडळावर नाहीत. सचिवांनी बंद सभासदांना विचारायला कडाडून विरोध केला, 'गेलेल्यांचे कसले लाड', पण मग कट्टेकरींची लँडनची गोष्ट सांगितली आणि ते गप्प झाले. रात्रपाळीचा मुद्दा मी वाचूनच दाखवला. त्यावर ठरलं की फॉर्मच्या वरच खालचा मजकूर छापायचा :

'वाचनालयाची संध्याकाळची वेळ, वर्गणी आणि यंदाची पुस्तकखरेदी याबद्दल आम्ही डिसेंबरच्या बैठकीत निर्णय घेणार आहोत. रजिस्टरमधून चिठ्ठीने निघालेल्या नावांत तुमचं नाव आहे. ९ प्रश्न आहेत, सहा-सात मिनिटं लागतील. नाव लिहू नका. आलेली उत्तरं आणि आम्ही काय ठरवलं, जे करू शकत नाही ते का, हे सगळं १ जानेवारीला फलकावर लागेल. सोबतची वाचनखूण तुमचीच, फॉर्म भरला नाहीत तरी.'

शेवटचं वाक्य खजिनदारांना अजून पटलेलं नाही.

अनुताई
ते वाक्य काढू देऊ नका.

उंबरठा
छान झालंय. सहा-सात मिनिटं लिहिलंय ते घरच्या कुणाला तरी भरायला देऊन मोजून बघा, मंडळातल्या माणसाला नको, त्याला उत्तरं पाठ असतात.

अभ्यासिका_रात्रपाळी
वेळेच्या प्रश्नात पर्याय काय टाकलेत? साडेआठ, नऊ, साडेनऊ एवढेच असतील तर आमचा अकराचा कुठेच दिसणार नाही आणि मग म्हणाल कुणी मागितलंच नाही.

शाईपेन
साडेनऊपर्यंतच होते. अकरा टाकतो, आणि खाली एक रिकामी ओळ पण ठेवतो. प्रूफ आज संध्याकाळी जातंय, अजून काही असेल तर सहाच्या आत सांगा.

पावटा
वाचनखुणेवर स्पेलिंग तपासा. मागच्या दिवाळी अंक योजनेच्या पत्रकात 'वाचाक' छापलं होतं म्हणे कुणीतरी.